चार वाजताची मावशी

चौदा नंबरच्या बाबांचा श्वास रोज चारनंतर बिघडायचा. सकाळी डॉक्टर राउंडला आले की हा माणूस उशीला टेकून बसलेला, चहात बटर बुडवून खाणारा, वर 'घरी कधी सोडता' म्हणून विचारणारा. दुपारी जेवून गाढ झोपायचा. आणि साडेचारच्या सुमाराला बघावं तर खांदे वर चढलेले, ओठ निळसर, छातीत शिट्ट्या. बोटाला लावलेल्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली आलेला. मग धावाधाव, वाफेतून औषध, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत गडी पुन्हा ठीक. एक दिवस असं झालं असतं तर मी दमा म्हणून सोडून दिलं असतं. सलग चार दिवस, त्याच वेळेला झालं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. दमा घड्याळ बघून येत नाही. घड्याळ बघून माणसं येतात.

मी तेव्हा परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. राहायला लालबागला, माहेर मालवणी आणि सासरही मालवणी. माझा स्वभाव संशयी आहे हे मी नाकारत नाही. भाजीवाल्याचा काटा, मुलांच्या पोटदुखीच्या तारखा, नवऱ्याचं 'निघालो, पाच मिनिटांत पोचतो', मी सगळं तपासून घेते. सासू म्हणायची, 'गो, तुका देवान डोळे बघूक दिल्यान की तपासूक?' मी म्हणायचे, आई, मी नर्स आहे, मला दोन्ही एकच. याच स्वभावाने मी वॉर्डात दोन-तीन जीव वाचवले आहेत, त्यामुळे त्याचा मला थोडा माजही होता.

चौदा नंबर वरळी कोळीवाड्याचा. सगळं आयुष्य होडीवर गेलेलं, इंजिनाचा धूर आणि बिडीचा धूर दोन्ही छातीत साठवलेले. भीती त्याला एकाच गोष्टीची होती, व्हेंटिलेटरच्या मशीनची. त्याचा थोरला भाऊ कोरोनात मशीनवर गेला होता तो परत आला नाही, आणि तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही. त्यामुळे सुई टोचायला गेलं तरी हा विचारायचा, 'मशीनवर नाय ना घालनार?' चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या वॉर्डची डॉक्टर, चटपटीत पोरगी होती, मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, आणखी एकदा इतकं घसरलं तर मी रिस्क घेणार नाही. आयसीयूत हलवू आणि मशीन लावू." ती हळूच बोलली, पण आजारी माणसाचे कान तिखट असतात. ती गेल्यावर बाबांनी माझा हात धरला. "बाय, तू बघ ना काय ता," म्हणाले. एवढा मोठा समुद्रात जाणारा माणूस, आणि हात पाण्यातून काढल्यासारखा गार. मला खूप वाईट वाटलं. आणि रागही आला, कुणाचा ते अजून ठरायचं होतं.

मग मी बघायला लागले. आधी ऑक्सिजनच्या पाइपवर संशय घेतला. पाइपवाल्या माणसाला बोलावून प्रेशर तपासून घेतलं. तो म्हणाला, सिस्टर, एका बेडला चार वाजता ऑक्सिजन कमी जायला ही काय नळावरची पाळी आहे? मग दुपारच्या जेवणावर घेतला. त्याची आमटी स्वतः चाखून बघितली, तिच्यात मीठसुद्धा नव्हतं. अडचण अशी की चार वाजता मी वॉर्डात नसायचे. चार ते सहा भेटायची वेळ, आणि बरोबर चारला मी रजिस्टर घेऊन मेट्रनच्या ऑफिसात. परत येईपर्यंत साडेचार. तोवर जे व्हायचं ते झालेलं असायचं, आणि त्याची बायको बिचारी घाबरून त्याला पदराने वारा घालत बसलेली दिसायची.

पाचव्या दिवशी मी परत आले, आकडा कालच्याइतका नाही पण घसरलेलाच होता, वाफेचं औषध लावून पाणी प्यायला मास्क खाली केला, आणि नाकात काहीतरी शिरलं. मोगरा. झाडावरचा नव्हे, डब्यातला.

आता स्प्रे म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आहे. शिकत असताना एका वॉर्डात मी उकळत्या पाण्याच्या स्टरलायझरला खेटून कुणीतरी विसरलेला डबा फुटलेला पाहिला आहे. त्याचं बूड समोरच्या भिंतीत शिरलं होतं. तिथे त्या क्षणी कुणी उभं नव्हतं एवढंच आमचं नशीब. पुढे कोरोना आला आणि सगळ्या मुंबईला फवारण्याची सवय लागली. नातेवाईक पिशवीतून डबे घेऊन यायचे. मोबाईलवर मार, सफरचंदावर मार, एकाने तर स्वतःच्या वडिलांच्या दाढीवर मारला. आणि लोकांना वाटतं, वास चांगला म्हणजे हवा चांगली. अहो, दम्याच्या माणसाची श्वासनळी तो चांगला वासच आवळून टाकतो. शिवाय त्या डब्यात भरलेला गॅस पेट घेतो आणि आमच्याकडे उशाशी ऑक्सिजन चालू. म्हणून माझ्या वॉर्डात नियम होता. साफसफाईचा स्प्रे हवेत मारायचा नाही, वॉर्डाबाहेर फडक्यावर मारायचा आणि फडक्याने पुसायचं. संडासाचा एक सोडून सगळे डबे कपाटात, चावी माझ्या कमरेला. रोज सकाळी मी एकेक डबा कानाशी धरून हलवायचे. किती उरलंय ते आवाजावरून कळतं.

कपाटातले डबे जागच्या जागी होते. म्हणजे हा कपाटाबाहेरचा डबा.

पंधरा नंबरला ठाकूरद्वारचे एक गुरुजी होते, टायफॉईडचे. शाळेत मराठी शिकवायचे, आमच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ पडल्या पडल्या दुरुस्त करायचे. मी त्यांना विचारलं, "गुरुजी, मी नसताना इथे कुणी काही फवारतं का?"

"हो तर," गुरुजी म्हणाले. "मावशी रोज स्प्रे मारतात. चारच्या सुमारास. पडदा ओढून घेतात आणि फुस्स, फुस्स."

झालं. मला आणखी काही ऐकायचंच नव्हतं.

हॉस्पिटलात मावशी म्हणजे आया. भांडं देणारी, लादी पुसणारी, चादर बदलणारी. दुपारच्या पाळीला तेव्हा शिवडीहून येणारी एक नवी मावशी लागली होती, कंत्राटावर. तीन आठवडे झाले होते. कामाला चोख होती, पण कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमी वाटतं की कुठेतरी पाणी मुरतंय. तिच्या साफसफाईच्या गाडीवर संडासासाठी दिलेला सुगंधी स्प्रे असायचा. मी तरातरा गेले आणि तो डबा उचलला. हलवला, तर अर्धा. हाताला थंड लागला. पुष्कळ वेळ फवारलं की डबा थंड पडतो हे मला ठाऊक होतं. आता वाटतं, जानेवारीत संडासाबाहेर ठेवलेलं पत्र्याचं डबडं थंड लागणार नाही तर काय गरम लागणार?

"मावशी, चौदा नंबरला स्प्रे कोण मारतं?"

"माहीत नाही, सिस्टर. मी नाही मारला."

"डबा थंड आहे."

"मी संडासात मारते. तुम्ही सांगितलं तसं, कुणी आत नसताना."

"बघणाऱ्याने बघितलंय, मावशी. खोटं बोलू नका."

हे मी वॉर्डाच्या मधोमध बोलले. अठ्ठावीस बेड, भेटायला आलेली माणसं, सगळे ऐकत होते. माझा आवाज मुळात खणखणीत, लालबागच्या चाळीत खालून वर हाक मारून तयार झालेला. मी म्हणाले, एका म्हाताऱ्याचा जीव जायची पाळी आली तरी तुम्हाला वास महत्त्वाचा. तुमच्यासारख्या मावश्या मला वॉर्डात नकोत. तिने हातातलं फडकं पिळून बादलीच्या कडेला टाकलं आणि उभी राहिली. त्याच संध्याकाळी मी सुपरवायझरला सांगून तिला तळघरात चादरींच्या खोलीत पाठवून दिलं. घरी जाताना चिवडा गल्लीतून पाव किलो चिवडा घेतला. खुश होते मी. छडा लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला दुसरी मावशी आली. तिलाही जरा बघून घ्यावं म्हणून चारला मी मेट्रनकडे गेलेच नाही. औषधांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. नवी मावशी पार पलीकडच्या टोकाला युरिनची भांडी घेऊन चालली होती. चौदा नंबर झोपलेला, नाकाला नळी. त्याची बायको आली. ठेंगणी, कष्टाची बाई, नऊवारी, केसात वेणी. पिशवी स्टुलावर ठेवली, इकडेतिकडे बघितलं, आणि पडदा ओढून घेतला.

फुस्स. फुस्स. फुस्स.

मी धावले आणि पडदा सर्रकन बाजूला केला. बाईच्या हातात अंगाला मारायच्या सेंटचा डबा होता. पदरावर, मनगटांवर, केसांवर, मच्छर मारायला फवारावं तशी ती फवारत होती. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर तिच्या नवऱ्याच्या नाकातली ऑक्सिजनची नळी. तो खोकत जागा झाला. ती घाईघाईने वाकून त्याला पदराने वारा घालायला लागली. त्याच पदराने. रोज हेच चाललं होतं, आणि मी ते डोळ्यांनी बघत होते, कळत नव्हतं एवढंच.

मी तिच्या हातातला डबा हिसकावून घेतला. "अहो, काय करताय काय? नवऱ्याला मारायचंय का? हे काय आहे डब्यावर? हे आगीचं चित्र दिसत नाही?"

"मना वाटला," ती बारीक आवाजात म्हणाली, "जोरदार वासाची खूण हाय."

"पण इथे फवारायचंच कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हिला एवढंही आठवत नाही, अशा नजरेने. "तुम्हीच बोलल्या ना सिस्टर, पयल्या दिवशी. मावशी, वास बाहेर ठेवा आणि मग आत या. मी म्हावऱ्याच्या पाटीवरून तशीच आलती ना याला घेऊन. मग मी हा डबा आणला."

मला तो दिवस आठवला नाही. आजही आठवत नाही. पण वाक्य माझं होतं, त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. वडापाव घेऊन आलेल्याला, उदबत्ती घेऊन आलेल्याला, दारू पिऊन आलेल्याला मी हेच सांगते. चपला बाहेर ठेवा, वास बाहेर ठेवा. धाप लागलेल्या नवऱ्याला टॅक्सीत घालून, मासे विकता विकता उठून आलेल्या बाईलाही मी तेच सांगितलं होतं. म्हावऱ्याच्या वासाबद्दल. मी, जिच्या डब्यात त्याच दिवशी बांगड्याचं तिखलं असणार. तोंडात मारल्यासारखं झालं.

पण तोंड चोळत बसायला वेळ नव्हता. बाबांचे खांदे चढले होते. मी ओरडून डॉक्टरला बोलावलं, नव्या मावशीला खिडक्या उघडायला लावल्या. आम्ही तिघींनी बेड ढकलत खिडकीपाशी नेला आणि नळी तिथल्या तोटीला जोडली. वाफेचं औषध चालू झालं, इंजेक्शन दिलं. आकडा इतका खाली मी त्या आठवड्यात बघितला नव्हता. डॉक्टरने आयसीयूला फोन लावला, बेड राखून ठेवा म्हणाली. बाबांनी ते ऐकलं. बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवत होते, नको, नको. मी डॉक्टरला म्हणाले, "मॅडम, कारण सापडलंय. थोडा वेळ द्या." तिने घड्याळ बघितलं. "अर्धा तास. त्यापुढे नाही."

मी त्याच्या बायकोला बाथरूममध्ये नेलं. साबण लावून कोपरापर्यंत तिचे हात धुतले, मान पुसली, वेणी काढून टाकली. वरून पेशंटचा हिरवा गाऊन चढवला, पदर आत दाबला. ती लहान मुलीसारखी उभी राहून सगळं करून घेत होती. "माझ्यामुळे झाला काय?" असं तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणाले, "नाही मावशी. माझ्यामुळे." हे बोलायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत.

बाहेर आलो तर आकडा तिथेच. ती लांब भिंतीशी उभी राहिली, जवळ जायला तयार होईना. मी बोटावरच्या मशीनकडे बघत उभी. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ देवांना नाही नाही ते बोलले आहे, त्या अर्ध्या तासात सगळ्यांची माफी मागितली. वीसेक मिनिटांनी शिट्ट्या जरा विरळ झाल्या. मग आकडा एकाने चढला. मग आणखी एकाने. अर्ध्या तासाने डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिली आणि तिने फोन उचलला. "तो बेड दुसऱ्या कुणाला द्या," म्हणाली. चौदा नंबरने डोळे मिटले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी आलं.

ड्युटी संपल्यावर मी तळघरात गेले. शिवडीची मावशी चादरींच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, कोण, कसं, का. तिने घडी पुरी केली, चळतीवर ठेवली, दुसरी चादर उचलली.

"उद्यापासून वर या," मी म्हणाले.

"येईन," ती म्हणाली. "पण मला तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, सिस्टर. हे तळघरात सांगून कुणाला ऐकू जाणार?"

रात्रभर मला तिचा राग आला. सकाळी उठल्यावर लक्षात आलं की ती काडीचंही चुकीचं बोलली नव्हती. दुपारी पाळी बदलताना मी वॉर्डाच्या मधोमध, त्याच जागी उभी राहिले आणि त्याच आवाजात सांगितलं की परवा मी मावशींना खोटं ठरवलं ते माझं चुकलं, स्प्रे त्यांनी मारला नव्हता. माझे कान तापले होते. मावशी बादली घेऊन दारात उभी होती. "बरं," म्हणाली आणि लादी पुसायला लागली. गुरुजी उशीवरून म्हणाले, "सिस्टर, मी मावशी म्हटलं तेव्हा कुठली मावशी, ते तुम्ही विचारायला हवं होतं."

"गुरुजी, मराठी तुम्ही शिकवता," मी म्हणाले. "तुम्ही नीट सांगायला हवं होतं."

अशा घटनेचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणाच्या रकान्यात मी 'नातेवाईकाने सेंटचा स्प्रे वापरला' एवढं लिहिलं होतं. मग त्याखाली माझं 'वास बाहेर ठेवा' हे वाक्यही लिहिलं, जसंच्या तसं. मेट्रन वाचून म्हणाल्या, याची काही गरज नव्हती. मी म्हणाले, होती.

त्याच दिवशी चार वाजले. मी मेट्रनकडे जायची वेळ कायमची सकाळवर नेली होती. भेटायची माणसं आली, बिस्किटांचे पुडे उघडले गेले. चौदा नंबरचा स्टूल मोकळाच. बाबा झोपले नव्हते. दाराकडे बघत होते. सव्वाचार झाले तेव्हा मी बाहेर जाऊन बघितलं. पॅसेजमधल्या बाकावर ती बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. दादरच्या मंडईतून तशीच उठून आली होती. तिच्या अंगाला वास येत होता, कोळंबीचा, बर्फाच्या पाण्याचा. रोज संध्याकाळी मी घरी जाताना पिशवीतून नेते तोच वास.

"आज घराकडे जायला झाला नाय," ती म्हणाली. "आंघोळ नाय. इथूनच बघते. दारातून दिसतो तो."

"मावशी, आत या," मी म्हणाले.

"मी आतच आहे," माझ्या मागून लादी पुसणारी मावशी म्हणाली. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि शिवडीच्या मावशीने बादली उचलून वाट दिली.

बाई आत आली, पण पदर घट्ट आवळून, अंग चोरून. स्टुलावर बसली तीही बेडपासून लांब. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. नाकातल्या नळीशी त्यांच्या नाकपुड्या जरा हलल्या.

"आज तू आलीस," ते म्हणाले.

"आणि इतके दिवस कोण येत होती?"

"कोन जाने," बाबा म्हणाले. "कोन तरी फुलवाली यायची. पाय दाबायची तुझ्यासारखेच. मी बोललो, बायको काय येत नाय आता."

ती 'मेल्या' म्हणाली आणि स्टूल बेडजवळ ओढून त्याच्या पायाला हात घातला. मी बोटावरच्या मशीनवरचा आकडा बघितला आणि चार्टवर साडेचारच्या रकान्यात लिहिला. सकाळी होता तेवढाच होता.